बिभीषण साउंड, निमटाकळी

दुपारचं जेवण झालं की मी आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं रोज स्वतःला बजावते आणि रोज झोपते. आज छातीवर मोबाइल ठेवलाय. त्यातून माझाच आवाज येतोय, तरुणपणीचा. पंखा कुरकुरतोय, खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला लाथा मारतंय, आणि मी गातेय :

हळद लाविते पायाला, वाट माहेरी यायाला...

माझा शेवटचा सूर अजून लांबतोय, तेवढ्यात त्याच्यावर एक पुरुषी आवाज येऊन बसतो. "बिभीषण साउंड, निमटाकळी!"

पहिल्या कडव्यानंतर येतो, दुसऱ्यानंतर येतो, गाणं संपेपर्यंत येतच राहतो. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा आणि नाव बिभीषणचं.

झालं होतं असं, की पुण्याच्या एका छोट्या कंपनीने माझ्या हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढली. कंपनी लवकरच बुडाली. आमच्या तालुक्यात मात्र कॅसेट चालली ती बिभीषणमुळे. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावायचा त्याचा धंदा. त्याने माझ्या कॅसेटच्या नकला काढल्या आणि एस.टी. स्टँडवरच्या दुकानात विकल्या. मग दुसरे लोक त्याच्या नकलांच्या नकला काढायला लागले. त्याचा त्याला एवढा राग आला, की प्रत्येक कडव्यानंतर तो स्वतःचं नाव पुकारायला लागला. चोरीच्या मालाला कुलूप घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गंमत पुढेच आहे. बायकांनी गाणं त्याच्या कॅसेटवरूनच पाठ केलं. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या शाळेतल्या मुली बाहुलीचं लग्न लावत होत्या. बाहुलीला हळद लावत माझं गाणं म्हणत होत्या, आणि कडवं संपलं की सगळ्या मिळून ओरडत होत्या, "बिभीषण साउंड, निमटाकळी!" त्यांना वाटायचं, ते गाण्यातच आहे. मी वर्गाच्या खिडकीशी उभी. हसावं की रडावं ते कळेना.

आता इतक्या वर्षांनी ती गाणी पुन्हा निघणार आहेत. रीतसर, करार करून, माझ्या नावावर. मूळ टेप कुठेच मिळाली नाही. धड उरलेली कॅसेट एकच, आणि ती बिभीषणची. पुण्याच्या स्टुडिओतली मुग्धा ती साफ करतेय. सकाळी तिचा फोन आला होता. "बाई, त्या माणसाचा आवाज काढता येईल. पण त्याच्याखाली तुमचा सूर आहे ना, तोही थोडा जाईल. तेवढ्या जागी पोकळ वाटेल. काढू की ठेवू? संध्याकाळपर्यंत सांगा."

पुन्हा गाऊन द्यायचा प्रश्नच नाही. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला तो गेलाच. आता भाजीवाल्याला हाक मारली तर तो आधी इकडेतिकडे बघतो. म्हणजे माझा खरा आवाज या जगात तेवढ्या एका कॅसेटवर आहे, आणि त्याच्या उरावर बिभीषण बसलाय. ठेवला तर गाणं जन्मभर त्याचं, काढला तर मीच भोकाभोकांची. सकाळपासून डोकं पिकलंय.

मागच्या महिन्यात बिभीषण वारला. मला कळलं होतं. मी गेले नाही. कशाला जाऊ?

डोळे जड होतात. गाणं सुरूच आहे. वाट माहेरी यायाला...

"बिभीषण साउंड, निमटाकळी!"

हे मात्र मोबाइलमधून येत नाही. दारातून येतं.

डोळे उघडते तर तो उंबऱ्यावर बसलाय. कानामागे टेस्टर, अंगात तोच निळा बुशशर्ट. अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये वायर गुंडाळतोय. वायर माझ्या खोलीतून, पलंगाखालून येतेय, आणि संपत नाही.

"बिभीषण, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की बाई."

"मग इथे काय करताय?"

"वायर गुंडाळतुया. मांडव उतरला तरी वायर ऱ्हाती मागं."

मला भीती वाटत नाही. राग येतो, आणि राग आला तरी माणूस दारात आलाय म्हटल्यावर चहा टाकायला उठते. आमच्यात तशी पद्धतच आहे, वैरी असला तरी आधी चहा. मी स्वयंपाकघराचं दार उघडते, तर आत एस.टी. स्टँड आहे. ऊन, शेंगदाण्याची टरफलं, लागलेल्या गाडीचा धूर, आणि कोपऱ्यात बिभीषणचं दुकान. फळ्यांवर कॅसेटच कॅसेट. मी तिथेच उभी आहे, जिथे एकदा खरोखर उभी राहिले होते. हातात तीच छत्री आहे.

तो गल्ल्यामागून कॅसेट पुढे करतो. "घ्या बाई, हळदीची हाय. लई चालतीया."

"हा माझा आवाज आहे," मी म्हणते. तेव्हाही हेच म्हटलं होतं.

तेव्हा तो हसला होता. "समद्याच बायास्नी वाटतंय, आपलाच आवाज हाय," असं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं होतं. भर बाजारात गाऊन दाखवायचं मला काही जमलं नाही. मी मास्तरीण माणूस. छत्री उघडून घरी निघून गेले, आणि वाटेत रडले. पाऊस नव्हता, छत्री तोंडासाठीच उघडली होती.

आज तो हसत नाही. कॅसेट हातात तशीच धरून खाली बघतो.

"त्या दिवशी हसलात," मी म्हणते.

"हसलो बाई. पर दुसऱ्या दिवशी शाळंच्या शिपायाला इचारलं. त्यो म्हणला, वाकसे बाई हायेत, लई गोड गात्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

इतकी वर्षं मी समजत होते, हा अडाणी माणूस, याच्या हातात बिनकव्हरची कॅसेट आली असेल, याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्या अडाणीपणापायी मी त्याला निम्मं माफ करून टाकलं होतं. आता ती माफीही परत घ्यायची पाळी आली.

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर परत कवा तुमच्या शाळंच्या वाटंनं आलो न्हाय."

"लाज वाटली आणि नकला काढतच राहिलात."

"व्हय. लाजंनं पोट भरत न्हाय बाई." तो कॅसेट फळीवर ठेवतो. "लोक भोंग्याचं भाडं द्यायचे. जनरेटरच्या डिझेलचं द्यायचे. वायर तुटली तर वायरचं बी द्यायचे. पर गाण्याचं म्हणलं की म्हणायचे, गाण्याला कसलं भाडं, ते काय तुझ्या बापाचं हाय? मग मला बी तसंच वाटाय लागलं. गाणं वाऱ्यावरचं. ज्याच्या भोंग्यात शिरंल त्याचं."

"तुमच्या नकला दुसऱ्यांनी काढल्या तेव्हा का नाही तसं वाटलं?"

तो मान खाजवतो. "तवा आग झाली जिवाची."

"मग?"

"मग कळलं, तुमाला कसं वाटलं आसंल ते. कळलं, पर कळून बी केलं."

खोटं बोलत नाही, एवढं मात्र खरं. लोक मला म्हणतात, बाई, पैशाचं काय एवढं, तुमचं गाणं घरोघर पोचलं की! असं म्हणणाऱ्या माणसाला कधी पगाराशिवाय एक महिना काम करून बघायला सांगा. मला पैसेही हवे होते. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी शाळेच्या सोसायटीचं कर्ज काढलं, आणि त्याच उन्हाळ्यात माझा आवाज तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात फुकट गात होता. हे मी त्याला सांगते. मोठ्याने सांगते. तो ऐकून घेतो. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मलाच मग कसंतरी होतं, आणि त्याचाही राग येतो.

"पैशाचंही सोडा," मी म्हणते. सोडायचं नसतंच, पण बोलण्याच्या ओघात म्हणून जाते. "प्रत्येक कडव्याला स्वतःचं नाव घेतलंत. एकदा माझं घेतलं असतं तर जीभ झडली असती?"

तो दुकानाला टेकलेल्या शिडीवर चढायला लागतो. वर कडुनिंबाला भोंगा बांधलाय. मी त्याच्यामागे चढते, या वयात, साडीचा ओचा खोचून. शिडी संपते तिथे माझा चौथीचा वर्ग आहे. फळ्यावर पाढे आहेत. बाकं भिंतीला सरकवून ठेवलीत आणि मधे पाट मांडलाय. पाटावर एक मुलगी बसलीये, मुंडावळ्या बांधून. भोवती बायका, बांगड्यांचा किणकिणाट, ओल्या हळदीचा आणि आंब्याच्या पानांचा वास. भोंग्यातून माझा आवाज येतोय. हळद लाविते गालाला, हसू लपविशी कशाला...

आणि मी दाराआड उभी आहे. कुणी उभं केलेलं नाही. माझी जागा मला सवयीने सापडली.

नवरा गेला तेव्हा माझ्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. विधवेने हळदीत जायचं नाही. कुणी हाताला धरून बाहेर काढत नाही, फक्त बोलावणं येत नाही, आणि आलं तर आत तांदूळ निवडायचं काम मिळतं. भाचीच्या हळदीला मी अशीच कोठीच्या खोलीत सूप घेऊन बसले होते. बाहेर बायका गात होत्या, जरा बेसूरच. तिथे मला हे गाणं सुचलं. सुपातल्या तांदळावर ठेका धरून मी ते जुळवलं. जिथे मला जाता येत नव्हतं, तिथलंच गाणं केलं.

बिभीषण माझ्या शेजारी उभा आहे. हळू आवाजात बोलतो, मांडवात बोलावं तसं.

"बाई, शिपायानं मला समदं सांगितलं हुतं. तुमच्या मालकांचं बी." तो माझ्या कपाळाकडे बघत नाही, मुद्दाम दुसरीकडे बघतो. "मी तुमचं नाव पुकारलं आसतं, तर ह्याच बायांनी कॅसेट बंद कराय लावली आसती. तुमच्या आवाजाला मांडवात पाट हुता. नावाला नव्हता."

"हे धंद्यासाठी केलंत की माझ्यासाठी?"

"दोनीसाठी. आता खोटं बोलून काय मिळायचंय?"

"ते मी ठरवायचं होतं, बिभीषण. कॅसेट बंद करायला लावली असती तर लावली असती. माझं नाव ऐकून बंद केली असती, तर निदान माझं नाव तरी ऐकलं असतं."

"व्हय," तो म्हणतो. "गाणं घेतलं, आन् हे ठरवायचं बी म्याच घेतलं. गाण्यापरीस हे मोठं झालं."

माझ्या डोळ्यांना धारा लागतात. याची वाट बघत होते मी, हे त्याच्या तोंडून ऐकायची. आणि त्याच वेळी माझ्यातली मास्तरीण मला टोचते, अगं, स्वप्न आहे हे, स्वप्नातला माणूस तुला हवं तेच बोलणार. बोलू दे. जागेपणी तरी कोण बोललं होतं?

"ती पाटावर हाय ना, ती माझी छबू," तो म्हणतो. त्याचा आवाज बदललाय. "हिच्या हळदीला बी तुमचंच लावलं. माझ्या टेपात नव्या कॅसेटी ढीगभर हुत्या. पर ती म्हणली, आबा, ते माहेरी यायचं हाय न्हवं, तेच लावा. मी भोंग्याच्या मागं जाऊन रडलो बाई. तुमच्या गाण्यात माझं नाव वरडलेलं मला त्या दिवशी ऐकवंना."

त्याचे डोळे भरलेत. मेलेल्या माणसाला रडता येतं हे मला माहीत नव्हतं. मी पदर पुढे करते, मग मागे घेते, मग पुन्हा पुढे करते. तो बुशशर्टच्या बाहीलाच डोळे पुसतो.

"काढून टाका माझं नाव," तो म्हणतो. "त्या पुण्याच्या पोरीला सांगा. समदं काढ म्हणावं."

"काढलं की माझा सूरही जातोय."

"आँ?"

"तुम्ही नेमके माझ्या सुरावर बसलायत."

तो कपाळावर हात मारून घेतो. एवढा खजील होतो, की मला हसूच येतं. रडता रडता हसू. तोही हसायला लागतो, आधी चोरून, मग मोकळा. दाराआड आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसतो, वर्गात मागच्या बाकावरची पोरं हसतात तसं.

मग तो माझ्या हातात माईक देतो. वर लाल रुमाल बांधलेला. "म्हणा तुमचं नाव."

"मला आवाज राहिलेला नाही."

"मग माईक कशाला आसतुया बाई?"

मी माईक तोंडाशी धरते. घसा साफ करते, आणि तो आवाज भोंग्यातून सगळ्या गावावरून जातो. बायका चमकून बघतात.

"मालन वाकसे," मी म्हणते. घोगरी, फाटकी. "हे गाणं मालन वाकसेचं आहे."

भोंग्यातलं गाणं थांबतं. बायकांचे हळदीचे हात जागच्या जागी राहतात. दार कुठे गेलंय कळत नाही, मी सगळ्यांच्या मधे उभी आहे, मोकळ्या कपाळाने. मला वाटतं, आता वाटी उचलतील, पाट उचलतील, मुलीला आत नेतील. बिभीषण मागे कुठेतरी आहे, पण मी वळून बघत नाही. आता त्याने मधे पडायचं नाही.

पाटावरची छबू मान तिरकी करून माझ्याकडे बघते.

"मावशी, तुमीच व्हय त्या?"

"मीच."

"मग तितं लांब काय हुब्या? गाणं तुमचं, आन् हळद काय आमीच लावायची?" ती परकर जरा वर घेऊन पाय पुढे करते. सावळा पाय, अंगठ्याला विळ्याने कापल्याची जुनी खूण. "लावा."

मी वाटीत हात बुडवते. हळद गार आहे, तेलकट आहे. इतक्या वर्षांत मी हळद कुणालाच लावलेली नाही. तिच्या पायाला लावते, घोट्याला लावते, पुन्हा पायाला लावते. ती गुदगुल्या होऊन पाय मागे घेते आणि बायकांमधून हसणं फुटतं. कुणीतरी गायला सुरुवात करतं, मग सगळ्याच गातात, भोंग्याशिवाय, जरा बेसूर. हळद लाविते पायाला, वाट माहेरी यायाला...

कडवं संपतं. सगळ्या एका दमात, छबूसुद्धा, ओरडतात, "बिभीषण साउंड, निमटाकळी!"

मी वळून बघते. शिडी रिकामी आहे. निंबाची फांदी तेवढी हलतेय.

फोन वाजतोय. खूप वेळ वाजत असावा. मी पलंगावर आहे, पंखा कुरकुरतोय, ऊन भिंतीवर सरकलंय. फोन उचलते.

"बाई, झोपमोड केली का?" मुग्धाचा आवाज.

"केलीस. असू दे."

"काही ठरलं?"

"त्याचा आवाज काढायचा नाही."

ती घुटमळते. "नक्की? म्हणजे... बाई, त्याने चोरी केलीये. लोक ऐकतील तेव्हा त्याचंच नाव ऐकतील."

"केलीच आहे चोरी. एवढ्या वर्षांनी चोर हाती लागलाय, आता सोडायचा कशाला? राहू दे तिथेच, माझ्या सुरावर. पण गाणं सुरू होण्याआधी माझं नाव यायला हवं. प्रत्येक गाण्याच्या आधी. आणि ते मी म्हणणार."

"आत्ताच्या आवाजात?"

"आत्ताच्या आवाजात. आणि नुसतं नाव नाही. मालन वाकसे, विधवा, हळदीचं गाणं. असंच्या असं. ज्यांना बंद करायचं त्यांनी आधीच बंद करावं."

पलीकडे मुग्धा नाक ओढते आणि म्हणते, "सोमवारी स्टुडिओ ठेवते, बाई."

"ठेव," मी म्हणते, आणि फोन कानापासून बाजूला घेते.

मोबाइलच्या काचेवर बोटं उमटलीत. पिवळी. मी हात उजेडात धरते. चारही बोटांना हळद आहे, ओली, तेलातली, नखांच्या कडांत गेलेली. आज दुपारी मी नुसता दहीभात खाल्लाय.

मी काच पुसत नाही. पलंगावरून पाय खाली सोडते, वाकते, गुडघे कुरकुरतात, आणि बोटांची हळद माझ्याच पायांना लावते.